अमेरिकेतलं यादवी युद्ध गुलामगिरीमुळे झालं की उत्तर-दक्षिणेच्या आर्थिक फरकामुळे?

ही दोन वेगळी कारणं नाहीतच. दक्षिणेची अर्थव्यवस्थाच गुलामगिरीवर उभी होती. १७९३ मध्ये कापसातली सरकी काढायचं यंत्र आलं, कापूस प्रचंड फायद्याचा झाला आणि गुलामांची मागणी वाढतच गेली. १८६० च्या जनगणनेत जवळपास ४० लाख माणसं गुलाम म्हणून नोंदली गेली. अमेरिकेच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा एकट्या कापसाचा होता. मळेवाल्यांचं भांडवल माणसांतच गुंतलेलं. ही माणसं वारसाहक्काने मुलांकडे जायची, कर्जाला तारण ठेवली जायची! असली 'मालमत्ता' कोण राजीखुशीने सोडणार?

उत्तरेत कारखाने, रेल्वे आणि मजुरीवर काम करणारे लोक. आयातकरावरून दोन्ही बाजूंचं वाजायचं, पण १८३३ मध्ये त्यावर तडजोड निघाली होती. गुलामगिरीवर मात्र कायमची तडजोड शक्य नव्हती. पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत ती येऊ द्यायची का, हा खरा पेच. १८५४ नंतर कॅन्सस या अशाच एका नव्या प्रदेशात यावरूनच रक्त सांडलं. १८६० मध्ये तिच्या विस्ताराला विरोध करणारे अब्राहम लिंकन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, डिसेंबरमध्ये दक्षिणेतलं साउथ कॅरोलायना राज्य संघराज्यातून फुटलं आणि एप्रिल १८६१ मध्ये तिथल्या फोर्ट सम्टर या संघराज्याच्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या. युद्ध सुरू झालं.

'लढा राज्यांच्या हक्कांचा होता' असं म्हणणाऱ्यांनी दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याने फुटताना काढलेला १८६१ चा जाहीरनामा जरूर वाचावा. आपली भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे, असं त्यांनी स्वतःच सुरुवातीला लिहून ठेवलं आहे.