अंगणातली हाडं, कुत्र्याचं ऑपरेशन आणि न पाठवलेली नोटीस

प्रश्न: शेजारच्या घरातून आमच्या अंगणात शिजवलेली हाडं येऊन पडतात. दोन महिन्यांत तीनदा तोंडी सांगून झालं. कावळे आणत असतील, असं त्यांचं म्हणणं. आमचा कुत्रा सकाळ-संध्याकाळ अंगणात मोकळा असतो. गेल्या महिन्यात त्याच्या आतड्यात हाड अडकलं आणि ऑपरेशन करावं लागलं. खर्च वसूल करता येईल का?

उत्तर: अशी पत्रं वरचेवर येतात, कधी हाडं असतात, कधी काचा, कधी उंदरांचं औषध. दुसऱ्याच्या आवारात घातक वस्तू टाकू नये, हे सांगायला वकील लागत नाही. आपल्या वागण्याने ज्याचं नुकसान होईल हे सहज कळण्यासारखं आहे, त्याच्याबाबत काळजी घेतलीच पाहिजे, हे तत्त्व ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, डोनह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात १९३२ सालीच मांडलं. तत्त्व तुमच्या बाजूचं आहे. प्रकरण अडतं ते पहिल्या तक्रारीपासून हाड पोटात जाईपर्यंतच्या काळावर.

त्या काळात शेजाऱ्यांना धोका माहीत होता, हे तुम्हाला सिद्ध करायचं आहे आणि हातात आहे फक्त तोंडी बोलणं, जे ते सरळ नाकारतील. उलट तुम्हाला धोका माहीत होता, हे तुमच्याच तीन तक्रारींवरून दिसतं. मग कुत्रा मोकळा का सोडला? समोरचा वकील हे विचारल्याशिवाय राहणार नाही. दोष दोन्हीकडे दिसला, तर भरपाई त्या प्रमाणात कमी होऊ शकते. स्पष्ट लिहितो, कारण पहिल्याच आठवड्यात चार ओळी लिहून दिल्या असत्या, तर आज हे उत्तर वेगळं असतं.

तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. स्टीलच्या ट्रेमध्ये बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक टोक बोरूसारखं तिरकं तासलेलं. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन असंच फुटतं, आणि ते टोक आतड्याला भोक पाडू शकतं. पण हाड कुठून आलं, याबद्दल फोटो काहीच सांगत नाही. तुकडाही तुम्ही दवाखान्यातच सोडून आलात. आता निदान केसपेपर, एक्स-रे आणि ऑपरेशनची नोंद यांच्या प्रती मागून घ्या. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तुमच्या सांगण्यावरून काय लिहिलंय, ते आधी वाचा. तिथे ‘अंगणात हाड खाल्लं’ एवढं जरी असलं, तरी आज तुम्ही लिहाल त्या कुठल्याही कागदापेक्षा त्याला वजन जास्त.

झालेला खर्च मिळेल, असं मी ठामपणे सांगणार नाही. कावळ्यांचा मुद्दा हास्यास्पद वाटला तरी खोडून काढावा लागेल. कुणी हाड टाकताना पाहिलं असेल किंवा कॅमेऱ्यात दिसत असेल, तर गोष्ट वेगळी.

नोटीस मात्र आजच पाठवा. हाडं कोणत्या तारखांना, कोणत्या भिंतीलगत सापडली, कुत्र्याला काय झालं आणि हे ताबडतोब थांबवा, एवढंच लिहा. धमकी नको. पोचल्याची पावती जपून ठेवा. यापुढे ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ म्हणायची सोय त्यांना उरणार नाही. नोटीस दिली म्हणजे दाव्याची मुदत थांबली, असं मात्र समजू नका. साधारणपणे ती नुकसान झालं त्या दिवसापासूनच मोजली जाते, आणि ती किती हे तुमच्या भागातल्या वकिलाकडून याच आठवड्यात विचारून घ्या. कोर्टाच्या तारखा पुढे पुढे जातात, मुदत जात नाही.

आणि कुत्रा? त्याला यापुढे एकट्याने अंगणात सोडू नका. आधी स्वतः फिरून भिंतीच्या कडा, झुडपांच्या मुळाशी, पालापाचोळ्याखाली बघा. मग साखळीनेच बाहेर न्या. सापडलेल्या हाडाचा भिंत दिसेल असा फोटो काढा आणि ते तारीख लिहून बंद डब्यात ठेवा. तोंडात हाड दिसलं तर ओढाओढ करू नका, हिसकावताना ते गिळलं जातं. आवडीचा खाऊ पुढे करून सोडायला लावा. गिळलंच, तर घरी उलटी करवू नका, टोकदार तुकडा वर येताना अन्ननलिका फाडू शकतो. लाळ गळणं, सारखे आवंढे गिळणं, उलट्या, कुंथणं, शीतून रक्त, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. मला फोन नंतर केला तरी चालेल.