चाकणमधल्या जर्मन कंपनीत खोटी बिलं: जागल्याला कुठल्या देशाचा कायदा वाचवतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणला एका जर्मन कंपनीच्या भारतीय उपकंपनीत परचेसला आहात, माल न येताच एका व्हेंडरची बिलं पास होताहेत. तक्रार करून जागल्या (गैरव्यवहार उघड करणारा, व्हिसलब्लोअर) झालात तर जर्मनीचा कायदा पाठीशी राहील का, अमेरिकेसारखं बक्षीस मिळतं का? शिवाय वहिनी सरकारी बँकेत आहेत आणि त्यांनाही गडबड दिसली आहे.

आधी कडू भाग. नोकरी जिथली, कायदा तिथला. आपल्याकडचा जागल्या संरक्षण कायदा २०१४ साली झाला खरा, पण तो अमलात आणणारी अधिसूचनाच निघालेली नाही. निघाली असती तरी तुमच्या उपयोगाचा नव्हता, कारण तो सरकारी सेवकांच्या गैरव्यवहारापुरताच आहे. खासगी नोकरीत हाताशी उरतं ते कंपनी कायद्याचं कलम १७७. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, लोकांच्या ठेवी घेत असेल किंवा बँका आणि वित्तसंस्थांकडून ५० कोटींहून जास्त कर्ज उचललेलं असेल, तर तिथे ‘व्हिजिल मेकॅनिझम’, म्हणजे गैरप्रकार कळवायची ठरलेली व्यवस्था, असावीच लागते. तक्रारदाराला त्रास होऊ नये याची सोय तिच्यातच हवी, आणि अपवादात्मक प्रकरणात थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांना गाठता यायला हवं. एचआरकडे जाण्याआधी ते धोरण नीट वाचा.

जर्मनीचा जागल्यांना संरक्षण देणारा कायदा २ जुलै २०२३ पासून लागू आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशावरून तो आला. ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत तक्रार-खिडकी लागते, ७ दिवसांत पोच आणि त्यानंतर ३ महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. तक्रारीनंतर कामावरून काढलं तर ‘तक्रारीमुळे नाही काढलं’ हे मालकाने सिद्ध करायचं. पण चाकणच्या कंपनीने काढलं तर भांडण भारतीय कायद्याखालीच होणार. जर्मन खिडकीचा फायदा वेगळाच आहे: चौकशी प्लांटमधल्या साहेबाच्या हातून निघून मुख्यालयाकडे जाते. बरेच जण इथे जर्मनीच्या पुरवठा साखळी कायद्याचं नाव घेतात. तो मानवी हक्क आणि पर्यावरणासाठी आहे, खोट्या बिलांसाठी नाही.

बक्षिसाचं म्हणाल तर मूळ कंपनी अमेरिकेच्या बाजारात नोंदलेली आहे का, हे आधी बघा. नसेल तर बहुधा तो विषय तिथेच संपला. असेल तर तिथल्या एसईसीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) परदेशी माणूसही माहिती देऊ शकतो. कारवाईत ठोठावलेली रक्कम १० लाख डॉलरच्या वर गेली तर वसूल झालेल्या पैशांतले १० ते ३० टक्के मिळू शकतात. नाव न सांगता बक्षीस हवं असेल तर वकिलामार्फतच अर्ज करावा लागतो. मात्र सूडापासून संरक्षण देणारं कलम सीमेपलीकडे चालत नाही, असं न्यूयॉर्कच्या संघीय अपील न्यायालयाने २०१४ साली सीमेन्सच्या प्रकरणात ठरवलं. म्हणजे पैसे मिळतील, नोकरी वाचेलच असं नाही.

म्हणून खरं संरक्षण तक्रारीच्या कागदात असतं. बिल नंबर, पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर, जीआरएनची (माल मिळाल्याची पावती) तारीख लिहा आणि पुढे त्या दिवशी गेटच्या इनवर्ड रजिस्टरात गाडीची नोंद नाही, हे लिहा. एवढ्या एका ओळीने जे काम होतं ते ‘सगळे मिळालेले आहेत’ अशा चार पानांनी होत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं आणि ऐकीव वेगळं ठेवा. ऑफिसची मेल स्वतःच्या जीमेलवर ढकलू नका. आयटीच्या लॉगमध्ये ते लगेच दिसतं आणि मग ‘डेटा चोरी’ म्हणून तुमच्यावरच कारवाई होते. जी फाइल फक्त दोघांनाच उघडता येते, तिचा आकडा जसाच्या तसा दिला तर नाव लपवून काय उपयोग?

वहिनींची गोष्ट निराळी. सरकारी बँक केंद्रीय दक्षता आयोगाच्या कक्षेत येते. गया इथे सत्येंद्र दुबे या अभियंत्याचा नोव्हेंबर २००३ मध्ये खून झाला. त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला लिहिलेलं पत्र, नाव गुप्त ठेवा अशी विनंती असूनही, नावासकट खात्याखात्यांत फिरलं होतं. त्यानंतर एप्रिल २००४ मध्ये सरकारने माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवून तक्रार घेण्यासाठी जो ठराव काढला त्याला पीआयडीपीआय म्हणतात, आणि त्यात सगळा भर पाकिटावर आहे. तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, आयएनए, नवी दिल्ली ११००२३ इथे पाठवायची. पाकिटावर ठळक ‘पीआयडीपीआय’ लिहायचं, पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता अजिबात नाही. नाव-पत्ता आतल्या पत्राच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या कागदावर द्यायचा, मजकुरात कुठेही नाही. निनावी तक्रार घेत नाहीत आणि ईमेलही चालत नाही. पुढे आयोगाचं पत्र घरी येतं: तक्रार तुमचीच का, अशी विचारणा करणारं. त्याला उत्तर दिलं नाही तर प्रकरण पुढे सरकत नाही.

हमखास होणारी चूक म्हणजे ‘माहितीस्तव प्रत’. एक प्रत झोनल ऑफिसला, एक खासदारांना गेली, की ओळख लपवण्याची जबाबदारी आयोगावर राहत नाही. आणि बँक सहकारी असेल तर हा मार्गच नाही. मग रिझर्व्ह बँक, नाहीतर पुण्यातलंच सहकार आयुक्तालय.