घेर, कॅनकॅन आणि लोकरीची वेणी

शाळांची स्नेहसंमेलनं जवळ आली की या सदराच्या पत्रांत राजकन्यांच्या झग्यांबद्दलच्या प्रश्नांची गर्दी होते. या अंकातली सगळी मापं साधारण सहा वर्षांच्या मुलीची धरली आहेत: कंबर २२ इंच, कंबरेपासून घोट्यापर्यंत २४ इंच. आपल्या मुलीचं माप घेऊन आकडे बदलून घ्या.

प्रश्न : नातीला सिंड्रेलाचा झगा शिवतेय. चार मीटर सॅटिन आणलं, चुण्याही भरपूर घातल्या, तरी घागरा पायांना चिकटून लोंबतो. काय चुकलं? आणि निळा नेमका कोणता घ्यायचा होता? (एक आजी, सांगली)

उत्तर : आजी, घेर कापडातून मिळतो, पण फुगा आतल्या परकरातून. सॅटिन वजनदार आणि लुळं असतं, ते खालीच ओढणार. चुण्या वाढवल्या की जाडी कंबरेवर जमते आणि खालचा भाग आणखी पडतो. चुण्या उसवा आणि अख्ख्या गोलाचा घागरा कापा.

कंबरेला ६.२८ ने भागा. २२ ला साडेतीन इंच त्रिज्या येते. पण शिवताना अर्धा इंच माया (शिलाईपलीकडे सोडलेलं कापड) जाणार, म्हणून कापायची रेघ तीन इंचांवर मारा. बहुतेकांचं इथेच चुकतं. साडेतीनवर कापलं की शिवल्यावर कंबर २५ इंचांची होते आणि मग घागरा घसरतो. तळाची रेघ मध्यापासून साडेअठ्ठावीस इंचांवर (साडेतीन, अधिक लांबी २४, अधिक दुमडीला एक). ४४ इंची पन्ह्यावर (कापडाच्या रुंदीत) असे दोन अर्धगोल बसतात, बाजूच्या शिलाईसाठी सरळ कडेला अर्धा इंच जास्त ठेवा. याला तीन मीटर लागतं. तुमच्या चार मीटरमध्ये वरचं पोलकंही निघालं असतं. आता उसवलेले तुकडे पुरत नसतील, तर गोल चार पाकळ्यांत कापून जोडा, घेरात शिलाई दिसत नाही.

दुमड लगेच घालू नका. गोलातला जो भाग उरेब (तिरका) येतो, तो स्वतःच्या वजनाने ताणून खाली उतरतो. घागरा हँगरला २४ तास टांगा, मग नातीला घालून उभं करा, जमिनीपासून फूटपट्टीने सारख्या उंचीवर खुणा करा आणि जादा कापड कापा.

आता परकर. सुती कापडाचा ३० इंच घेराचा, सहा इंच उंचीचा पट्टा घ्या, वर नेफा करून इलास्टिक ओवा. त्याला कॅनकॅनच्या (घेर फुगवणाऱ्या ताठ) जाळीची ६० इंच लांब झालर आणि तिला १२० इंचांची दुसरी झालर. प्रत्येक झालर तयार आठ इंच, म्हणजे पट्टी नऊ इंच रुंद कापायची. एकेरी थराला सव्वा मीटर जाळी, दुहेरीला अडीच. एकाच लांब तुकड्याला चुण्या घातल्या तर फुगा कुल्ल्यांपाशी येतो आणि तळ चपटा राहतो, म्हणून टप्पे हवेत. चुण्यांसाठी मशिनचा टाका सगळ्यांत मोठा ठेवून दोन समांतर टिपा मारा. एकाच टिपेचा दोरा ओढताना हमखास तुटतो. परकर घागऱ्यापेक्षा दोन इंच आखूडच ठेवा.

रंगाचं म्हणाल, तर १९५० च्या डिस्नेच्या चित्रपटात हा झगा रुपेरी-पांढरा दिसतो, खेळण्यांनी आणि दप्तरांनी तो निळा केला. मुलांच्या डोळ्यांसमोर निळाच असतो. मात्र स्टेजवरच्या पिवळ्या दिव्यांखाली फिकट निळा मळकट दिसतो, म्हणून दुकानातल्यापेक्षा एक छटा गडद घ्या.

प्रश्न : सॅटिनवर टीप चुणते, कडा सुटतात आणि टाचण्यांची भोकं राहतात. (लातूर)

उत्तर : सुती कापडाची १४ नंबरची सुई काढा, नवी ११ नंबरची लावा. बोथट सुई दोरे ओढते, तेच चुणणं. टीप मारताना कापड पुढून-मागून हलकं ताणून धरा, दोऱ्याचा ताण थोडा सैल करा. टाचण्या फक्त मायेत टोचा. कडा मेणबत्तीवर भाजण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, आम्ही तो देणार नाही: वितळलेली कड कडक होते आणि मुलीच्या अंगाला ओरखडते. ओव्हरलॉक (कडेवर दोऱ्याची वीण) करून घ्या. इस्त्री मंद, वर सुती फडकं.

प्रश्न : हिमगौरीच्या फुग्याच्या बाहीवरच्या लाल पाकळ्या चुरगळतात आणि पांढरी कॉलर पडते. (चिपळूण)

उत्तर : पाकळ्या बाही फुगवल्यावर लावत असाल. बाही कापली की सपाट असतानाच लावा. लाल सॅटिनला मागून फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटणारा थर) चिकटवून साडेतीन इंच लांब, एक इंच रुंद थेंबाच्या आकारात कापा, एका बाहीला पाच. इस्त्रीने बसवा, कडेने बारीक झिगझॅग घाला, आणि मगच मुंढ्याला (खांद्याशी जोडायच्या कडेला) चुण्या. बाहीच्या माथ्यावर आतून कॅनकॅनची चुणलेली पट्टी टाकली तर फुगा शेवटपर्यंत टिकतो. ती सुती कापडात गुंडाळूनच लावा.

कॉलरला शर्टाच्या कॉलरचं कडक बकरम (आत घालायचं ताठ कापड) दुहेरी घ्या. बकरमला माया ठेवू नका, नाहीतर कड जाड होऊन उलटत नाही. कॉलर खांद्याच्या शिलाईपाशी संपवा, गळ्याभोवती पूर्ण फिरवली की हनुवटीला लागते. टिचबटणांनी लावली तर धुताना काढता येते.

प्रश्न : रपुंझेलची वेणी लोकरीची करायची आहे. किती लोकर लागेल? मागच्या वेळी क्लिपसकट गळून पडली. (नाशिक)

उत्तर : तयार ३० इंचांची वेणी पुरे. त्याहून लांब वेणी पायात येते, झोपाळ्यात आणि सरकत्या जिन्यात अडकते. त्यासाठी १३० मीटर लोकर धरा, गुंडीच्या लेबलवर लांबी लिहिलेली असते. दोन खुर्च्यांच्या पाठी ४२ इंचांवर ठेवून लोकरीचे ६० फेरे घ्या. लोकर ताणू नका. ताणून गुंडाळलेली लोकर सोडल्यावर आखडते आणि टोकं वरखाली होतात. ४० फेरे आंब्याच्या पिवळ्या रंगाचे आणि २० सायीच्या रंगाचे घ्या, एकाच रंगाची वेणी लांबून दोरखंडासारखी दिसते. एका टोकाला सगळे धागे कापा. दुसऱ्या टोकाची घडी हेच वेणीचं डोकं. तिथे घट्ट बांधून चाळीस-चाळीस पदरांच्या तीन बटा गुंफा. गुंफताना लांबी साधारण चौथ्या हिश्शाने कमी होते, ती या मापात धरलेली आहे.

क्लिप गळाली कारण सगळं वजन एका जागी आलं. घडीचं डोकं दोन इंच रुंद सुती पट्ट्यावर दुहेरी दोऱ्याने शिवा. पट्टा कपाळाच्या वरून जाऊन मानेवर केसांखाली इलास्टिकने आवळेल असा करा आणि दोन्ही कानांमागे पिना लावा. कापडी फुलं टाक्याने बसवा. खरी मोगऱ्याची वेणी माळायचा मोह होतो, पण लोकरीला पाणी आणि डाग धरतात.

प्रश्न : इथे ३१ ऑक्टोबरला हॅलोविनला रात्री थंडी असते. झग्यावर जाकीट घातलं की राजकन्या दिसतच नाही. (न्यू जर्सी)

उत्तर : जाकीट आत घाला. थर्मल आणि पातळ स्वेटर घालूनच छातीचं माप घ्या, वर दोन इंच सैलपणा. अंधारात दारोदार फिरायचं असल्यामुळे घागरा घोट्याच्या दोन इंच वर ठेवा आणि तळाला चकाकणारी पट्टी लावा.

प्रश्न : मुलगी पाच मिनिटांत झगा काढायला लागते. टोचतो म्हणते, पण कुठे ते सांगत नाही. (कोल्हापूर)

उत्तर : झगा उलटा करा आणि स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूने शिलाया चाचपा. बहुतेक वेळा बगलेतल्या जाळीची कापलेली कड, टिकल्यांच्या गाठी किंवा चेनचं वरचं टोक सापडतं. जाळीच्या प्रत्येक कडेवर सुती उरेब पट्टी चढवा, पोलक्याला पूर्ण सुती अस्तर घाला. मागे चेनऐवजी कापडी लूप आणि नाडी लावा. वाढत्या अंगाला पुढच्या वर्षीही होईल. पोलकं आणि घागरा वेगळे शिवा, म्हणजे शाळेत बाथरूमला जाताना बाईंना सगळा झगा उतरवावा लागत नाही. पाठीवर सोडायचं लांब वस्त्र (केप) गळ्यात गाठ मारून बांधू नका. खांद्यावर वेल्क्रो लावा, म्हणजे कुणी ओढलं तर ते सुटून येतं. आणि समई तेवत असेपर्यंत मुलीला तिच्यापासून लांब उभी करा: नायलॉनची जाळी पेट घेते आणि वितळून कातडीला चिकटते.