आधी गोठ्याचं बोलू, मग करिअरचं

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा बारा गाईंचा गोठा आहे. मुलगी पशुवैद्यकीच्या चौथ्या वर्षाला आहे. तिने पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना काढावा, अशी आमची इच्छा. ती म्हणते, साथरोगांवर काम करायचंय, परदेशी रोग शिकायचेत. जे रोग इथे नाहीतच, ते शिकून नोकरी कोण देणार? गेल्या आठवड्यात सुट्टीला आली, तेव्हा तीन गाईंची लाळ गळत होती. तिने एकीची जीभ बाहेर ओढली तर साल हातात आली. लाळ्या खुरकूत आहे, दवाखान्यात कळवा, म्हणून मागे लागली. डेअरी दूध घेणार नाही म्हणून मी तिला गप्प बसवलं. एक गाय चांगली दिसत होती, ती बाजारात विकली. जिला घरचं हित कळत नाही, ती कसली डॉक्टर? तिला समजवा.

उत्तर : नमस्कार. तिला समजावण्यासारखं मला काही दिसत नाही. बोलायचंय ते तुमच्याशी.

चौथ्या वर्षातल्या मुलीने तोंड उघडून पाहिलं, रोग ओळखला आणि पुढे काय करायचं तेही सांगितलं. साडेपाच वर्षांच्या अभ्यासक्रमातून बाहेर पडताना जे यायला हवं, ते तिला आजच येतंय. आणि तुम्ही विचारता, ती कसली डॉक्टर! हे वाक्य तिच्या तोंडावर बोलला असाल, तर ते आधी मागे घ्या. उद्या एखाद्या गावात दहा माणसं तिला म्हणतील, 'मॅडम, कागदावर नका घेऊ.' तिथे ठाम उभं राहायचं बळ तिला घरातून मिळायला हवं होतं. घरातून तिला गप्प बसायला शिकवलं गेलं, याची मला मार्कांपेक्षा जास्त काळजी वाटते.

दुधाची तुमची भीती मला कळते. बारा गाईंच्या दुधावर घर चालतं, हप्ते असतात. पण जनावरांच्या संक्रामक रोगांबाबतचा 2009 चा कायदा स्पष्ट आहे. त्याच्या अनुसूचीतल्या, म्हणजे यादीतल्या रोगाची (लाळ्या खुरकूत त्यात आहे) शंका आली तरी मालकाने कळवायचं, आजारी जनावर वेगळं बांधायचं आणि बाजारात न्यायचं नाही. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत थांबायची मुभा नाही. कळवलं की जनावरं मारतात, अशीही धास्ती काही जण घेतात. या रोगात आपल्याकडे तसं करत नाहीत, भर लसीवर असतो. 2019 पासून ही लस राष्ट्रीय कार्यक्रमात फुकट टोचली जाते. तुमच्या गाईंना शेवटची कधी टोचली, हे पत्रात नाही. ते शोधून ठेवा.

आणि ती विकलेली गाय. लक्षणं दिसायच्या आधीपासून जनावर विषाणू बाहेर टाकत असतं. ती कुणाच्या तरी दावणीला गेली असेल, तिथे दूध पिणारी वासरं असतील. या रोगात गाय बहुतेकदा वाचते, वासरू मात्र पुष्कळदा दगावतं. ब्रिटनमध्ये 2001 साली नॉर्थम्बरलंडच्या एका वराहपालकाने हाच रोग कळवला नाही. एसेक्सच्या कत्तलखान्यात तो उघडकीला आला, तोवर मेंढ्यांच्या बाजारांतून कुठल्या कुठे पोचला होता. 60 लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली, मे महिन्यात व्हायची सार्वत्रिक निवडणूक जूनवर गेली.

आता 'परदेशी रोग'. हा तुमचा गैरसमज आहे, आणि तो पुष्कळांचा आहे. रोग जन्माने परदेशी नसतो. आपल्या गावोगावच्या गोठ्यात येणारा लाळ्या खुरकूत अमेरिकेत 1929 नंतर झालेला नाही, म्हणून तिथे तो परदेशी. गुरांच्या अंगावर गाठी आणणारा लम्पी 2019 पर्यंत आपल्याला परदेशी होता. त्या वर्षी तो ओडिशात दिसला आणि 2022 मध्ये आपल्या राज्यातले गुरांचे बाजार बंद करावे लागले. 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला, तो देशातला पहिला. डुकरांचा आफ्रिकन स्वाइन फीवर 2020 मध्ये आसाम-अरुणाचलात आला. आज जो इथे नाही, तो उंबरठ्यावर आल्याबरोबर ओळखणारं माणूस लागतं. उलटही घडतं. बुळकांडी या गुरांच्या साथीने एके काळी गोठेच्या गोठे रिकामे केले, आणि 2011 मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. लस होतीच, पण गावोगाव फिरून आजारी जनावर शोधणारी, नोंदवणारी माणसंही होती. तुमच्या मुलीला तेच काम करायचंय.

वाटा नेहमीच्याच : पदव्युत्तर शिक्षणासाठी नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ किंवा इज्जतनगरची पशुवैद्यक संशोधन संस्था, नाहीतर एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी. पुढे पुण्यातल्या औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे, भोपाळची पशुरोगांची उच्च सुरक्षा प्रयोगशाळा आहे, बंदरं-विमानतळांवरचं जनावरांचं विलगीकरण आहे. पुण्यातला दवाखाना वाईट नाही, पण ते स्वप्न तुमचं आहे.

हे वाचाल त्याच दिवशी दवाखान्यात जा. निघताना धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने चपला आणि पाय धुवा. गाय कुणाला विकली, त्याचं नाव-गाव सोबत न्या. मुलगी कॉलेजला परतली असेल तर तिथून फोन लावून डॉक्टरांच्या हातात द्या. पहिल्या गाईने वैरण कधी सोडली, कुठली कुठल्या दाव्याला बांधली होती, हे ती तुमच्यापेक्षा नीट सांगेल.