तिचं पोट कशावर चालतं?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज रात्री वाचला. ‘मावशी, सिनेमात दोनच सीन आहेत, करू की मालिकेतली आत्या घेऊ?’ एवढं लांबलचक लिहिलंस, पण त्या दोन सीनमधली बाई दिवसभर करते काय, तिचं पोट कशावर चालतं, याचा त्यात पत्ताच नाही. काहून?

छाया कदम बघ. ‘लापता लेडीज’मधली मंजूमाई स्टेशनवर चहा विकते. ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’मधली पार्वती दवाखान्यात स्वयंपाक करते. त्या सिनेमाला २०२४ मध्ये कान चित्रपट महोत्सवात ग्राँ प्री पुरस्कार मिळाला. ‘कोर्ट’मध्ये गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कलमं एकसुरी वाचत जाते आणि मग लोकलनं घरी येऊन स्वयंपाकाला लागते. यांच्यातली एकही ‘अमक्याची आई’ म्हणून लक्षात राहिलेली नाही. सीन कसले मोजतेस!

मी विडीवाली केली तेव्हा आधी कामठीला, विडी कामगारांची संघटना बांधणाऱ्या बाबू हरदासांच्या गावात, एका बाईशेजारी जाऊन बसले. मांडीवर सूप. ओलं तेंदूपान कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दुमडायचं. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे बोलतानाही मान वर होत नाही. आमचा दिग्दर्शक म्हणे, पोरगा गेल्याचा निरोप आला की सूप बाजूला सारा आणि रडा. मी म्हटलं, ही बाई हातातली विडी बांधूनच उठेल. कडाक्याचं भांडण झालं. पुढे एडिटमध्ये माझे संवाद गेले, हात राहिले. ते हात बघूनच मला पुढची कामं आली.

मुंबईला गेले नाही म्हणून लोक अजून हळहळतात. हळहळोत बापडे! ऑडिशन असली की विदर्भ एक्स्प्रेसनं जायचं आणि काम झालं की परत यायचं. इथं नागपुरात, कॉटन मार्केटात मला कोणी ओळखत नाही, म्हणून तर तिथल्या भाजीवाल्या मनसोक्त न्याहाळता येतात. पैशाची खंत आहे, खोटं कशाला बोलू? मालिका धरून ठेवली असती तर वरचा मजला चढला असता. घरचे अजून ऐकवतात.

म्हणून सांगते, छोट्या सिनेमात फुकट राबू नकोस. मानधन, प्रवास, मुक्काम, डबिंगचे वेगळे पैसे, सगळं शूटिंगच्या आधी लेखी घे. ‘फेस्टिव्हलनंतर बघू’ म्हणणाऱ्यांनी मला बुडवलंय. तो सिनेमा देशोदेशी फिरला, माझा चेक काही निघाला नाही.

आता दिग्दर्शकाला फोन लाव आणि विचार, बाईचं पोट कशावर चालतं. त्याला सांगता आलं नाही तर तू ठरव, ते काम शीक आणि ऑडिशनसाठी स्वतःच शूट करून पाठवशील त्या सेल्फ टेपमध्ये तेच करत बोल. मालिकेवाल्यांनाही विचारून बघ. मीही एकदा त्यांची आत्या केली होती. तिला सकाळपासून रात्रीपर्यंत एकच काम होतं, जिना उतरणं.

तुझी,
मावशी