80 दातांच्या पात्यावर जाड फळी उभी चिरताना कडा का जळते?

प्रश्न थोडक्यात असा: 10 इंची टेबल सॉ (टेबलातून गोल पातं वर आलेली करवत), त्यावर 80 दातांचं नवं पातं. प्लाय छान कापतं, पण दीड इंची फळी उभी चिरायला घेतली की कडा काळी पडते, आणि एकदा फळी सणकन मागे आली. पातं खराब निघालं का?

पातं बहुधा ठीक आहे, काम चुकीचं दिलंय. आणि जळणं नि फळी मागे येणं ही दोन वेगळी दुखणी समजू नका.

उभं चिरताना दात लाकडाच्या रेषेबरोबर चालतो, भुसा लांब, दोऱ्यासारखा निघतो. तो बाहेर पडेपर्यंत दातापुढच्या खाचेत मावायला हवा. 80 दातांच्या पात्यात ही खाच अगदी लहान असते. ती भरली की भुसा तिथेच घासतो, पातं तापतं, लाकूड पुढे सरकेना म्हणून तुम्ही जोर लावता. जोराने ढकलणारा हात घसरला तर पात्याकडेच जातो, हे वेगळं सांगायला नको.

उभ्या चिरणीसाठी 24 दातांचं पातं घ्या. दात सपाट माथ्याचे, पुढे बरेच झुकलेले (साधारण 20 अंश), खाचा खोल. कडा थोडी खरबरीत येते, रंध्याचा एक हात मारला की झालं. आडव्या कापासाठी 60 ते 80 दात, एकाआड एक डावी-उजवीकडे उतरते घासलेले; ते तंतू आधी सुरीसारखे कापतात म्हणून टवके उडत नाहीत. सनमायका, एमडीएफ किंवा ॲल्युमिनियमला एक दात चौकट, पुढचा कोपरे छाटलेला, अशी जोडी असलेलं पातं लागतं. ॲल्युमिनियमसाठी दात मागे झुकलेले हवेत, नाहीतर पातं धातू ओढून घेतं. एकच पातं परवडत असेल तर 40 किंवा 50 दातांचं. कशातच अव्वल नाही, पण रोजचं काम निघतं.

आता मागे आलेली फळी. टेबल सॉवर पुढचे दात खाली येतात, मागचे वर उठतात. फळी वाकडी होऊन मागच्या दातांना टेकली की ते तिला उचलून तुमच्या अंगावर फेकतात. 10 इंची पातं मिनिटाला 4,000 फेऱ्यांनी फिरत असेल तर दाताचा वेग सेकंदाला सुमारे 53 मीटर, म्हणजे ताशी 190 किलोमीटर. डोळा मिटायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून रायव्हिंग नाइफ, म्हणजे पात्यामागे उभी असलेली पट्टी, काढून ठेवू नका. चिरलेलं लाकूड आतल्या ताणाने मिटतं, ते पात्याला चिमटू नये एवढ्यासाठीच ती पट्टी असते. ती पात्याच्या चकतीपेक्षा जाड आणि दातांच्या रुंदीपेक्षा बारीक हवी. 3.2 मिमी कापाच्या पात्याची पट्टी 2.4 मिमीच्या बारीक पात्यामागे ठेवली तर फळी पट्टीवरच अडकते. पातं बदलताना हे हमखास विसरलं जातं.

फेन्सही (फळी जिला टेकवून पुढे सरकवता ती पट्टी) तपासा. प्लग काढा, एका दातावर खडूची खूण करा, तो पुढे आणून टेबलावर पात्याच्या बाजूला कोरलेल्या लांब खाचेपासून अंतर मोजा, मग तोच दात मागे फिरवून पुन्हा मोजा. दोन्ही मापं जुळली की फेन्स त्या खाचेला समांतर लावा. फेन्स मागच्या बाजूला केसभर उघडी (पात्यापासून लांब) असलेली चालेल, मिटलेली मुळीच नको. कडा फक्त फेन्सच्या बाजूची जळत असेल तर संशय आधी इथेच.

पात्याची उंची फळीच्या वर 5-6 मिमी पुरे. हात पात्यापासून 15 सेंटीमीटरच्या आत जाणार असेल तर पुश स्टिक (फळी ढकलायची काठी) घ्या. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, जरा बाजूला. हातमोजे नकोत: दाताने धागा पकडला की बोटंही सोबत ओढली जातात. चष्मा, कानाला मफ आणि धुळीचा मास्क मात्र हवेतच.

नवं पातं घेण्याआधी जुनं निरखून बघा. दातांच्या बाजूंवर तपकिरी चिकट थर असेल तर तो लाकडाचा डिंक, आणि तेवढ्यानेही कडा जळते. पातं काढून कोमट पाणी, साबण आणि खाण्याच्या सोड्यात भिजवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, लगेच कोरडं करा. कार्बाइडचा (पात्याला जोडलेल्या कठीण धातूचा) एखादा दात उडालेला दिसला तर ते पातं पुन्हा लावू नका.

हातातली सर्क्युलर सॉही वापरत असाल तर एक फरक: तिचे दात खालून वर कापतात, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा. टेबल सॉवर ती वर. आणि लाकडाचं दातेरी पातं अँगल ग्राइंडरला लावायचा मोह आवरा. लहान ग्राइंडर मिनिटाला 11,000 च्या आसपास फेऱ्या मारतो, पातं अडकलं तर तो हातातून निसटतो, आणि त्याला ना रायव्हिंग नाइफ असते ना टेकायला तळपट्टी.