कौल उजवा झाला, पण दागिने कोणाचे?

प्रश्न : गावच्या देवळाचा जीर्णोद्धार चालू आहे. माझे सात तोळे दागिने गहाण ठेवून वर्गणी द्यायची, असं यजमानांनी ठरवलं आणि कौल लावला. कौल उजवा झाला. आता घरात सगळे म्हणतात, देवाने सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, बायकोने आडवं येऊ नये. मी देवाचं मानते, पण मन तयार होत नाही. (देवगड तालुका)

उत्तर : ताई, गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे मांडलेलं विचारणं, नेमकं काय घातलं होतं, ते आधी यजमानांना विचारा. गुरव पाषाणावर ओल्या पाकळ्या लावतो. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. पण होकार विचारलेल्या गोष्टीपुरताच असतो. ‘वर्गणी देऊ का’ एवढंच विचारलं असेल, तर त्यात दागिने आलेच नाहीत. घोळ होतो तो इथेच.

कौल खोटा म्हणत बसू नका. भांडण देवावर जाईल आणि दागिन्यांचं बोलणं राहून जाईल. यजमानांशी दोघंच असताना बोला, सासूसासऱ्यांसमोर नको.

नवऱ्याचा शब्द शेवटचा, हे लग्नविधीत कुठे आहे? कन्यादानाच्या वेळी वधूपिता सांगतो, धर्म, अर्थ, काम यांत हिला डावलू नकोस, आणि वर ‘नातिचरामि’ म्हणून शब्द देतो. पैशाचा व्यवहार ‘अर्था’तच येतो. पूजेचा संकल्प सोडतानाही पत्नीचा हात पतीच्या हाताला लागतो. तिच्या मनाविरुद्ध तिचंच सोनं देणं धर्माला धरून नाही, असं आम्ही स्पष्ट सांगतो.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. माहेरचे आणि सासरच्यांनी तुम्हाला घातलेले दागिने हे स्त्रीधन. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 च्या कलम 14 नुसार बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी असते. नवऱ्याकडे सांभाळायला दिलं म्हणून स्त्रीधन त्याचं होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं.

मन नसेल तर ‘नाही’ म्हणा. यंदाच्या आंब्याच्या पैशांतून जमेल तेवढी वर्गणी द्या. राजी असाल, तर कर्ज तुमच्याच नावावर घ्या आणि पावती तुमच्याकडे ठेवा. प्रत्येक दागिन्याचं वजन लिहून फोटो काढा. फेडीची तारीख जूनमध्ये घ्या, म्हणजे हापूसचे पैसे हातात आलेले असतील. मोहोर गळला किंवा अवकाळी आला तर व्याज कोण भरणार, हे आधीच ठरवा. व्याज थकलं की दागिने लिलावात जातात, आणि तेव्हा कौलाची आठवण कोणी काढत नाही.

प्रश्न : यजमान जहाजावर आहेत. गणपती बसवायला मुंबईहून दीर येईपर्यंत थांबावं का? (मालवण)

उत्तर : थांबू नका. प्रतिष्ठापना मध्यान्हकाळी व्हावी, आणि चाकरमान्यांच्या गाड्यांचा त्या दिवसांत भरवसा नसतो. स्वतःच्या नावाने संकल्प सोडून पूजा तुम्हीच करा. भटजींना त्या दिवशी बरीच घरं असतात, आठवडाभर आधी वेळ ठरवून ठेवा.